स्वस्तातले लेझर पॉइंटर : लेबल वाचायचं की स्वतः मोजायचं?

खुडबुड_मास्तर

नमस्कार मंडळी. ड्रॉवरमध्ये साठलेले स्वस्तातले पॉइंटर सध्या एकेक करून तपासतोय. दोन-तीन लाल आहेत, हिरवे आहेत, एक जांभळा आहे. म्हटलं इथे धागा काढावा, म्हणजे अजून कोणी खुडबुडे असतील तर भर घालतील.

आधीच सांगतो, "कुठला घेऊ" असा हा धागा नाही. स्वस्त पॉइंटरला कंपनी नावाची भानगडच नसते, एकाच साच्यातल्या नळीत आज एक डायोड असतो उद्या दुसरा, त्यामुळे मी एखाद्या मॉडेलचं नाव सांगितलं तरी तुम्हाला तोच माल मिळेल याची काही गॅरंटी नाही. हातात आलेला नग कसा तपासायचा तेवढंच आपल्या हातात आहे.

आता लेबल. पिवळा स्टिकर असतो आणि त्यावर "५ मिलीवॅटपेक्षा कमी" असं छापलेलं असतं, मग आतून काहीही निघो. अमेरिकेतली एनआयएसटी ही मापनाची सरकारी संस्था, त्यांनी २०१३ साली असे १२२ पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं. हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के आणि लाल वाल्यांपैकी ४४ टक्के तिथल्या सुरक्षेच्या नियमांत बसत नव्हते. लक्षात घ्या, हे सगळे लेबलवर "सुरक्षित वर्गातले" म्हणून विकले जाणारेच नग होते.

म्हणून मी लेबल वाचत नाही, चार गोष्टी बघतो : तरंगलांबी खरंच सांगितलीय तेवढी आहे का, हिरव्यातून न दिसणारं इन्फ्रारेड गळतंय का, पॉवर साधारण किती आणि ती स्थिर राहते का, आणि किरण किती पसरतो. सगळं घरच्या सामानात होतं. मल्टीमीटर, जुनी सीडी, पुठ्ठा, मोजपट्टी आणि बिघडलेला वेबकॅम. हळूहळू एकेक लिहितो.

मांजरीची_आई

वाचतेय. माझा प्रश्न बाळबोध आहे पण विचारते. हिरवा ठिपका लालपेक्षा इतका भगभगीत दिसतो म्हणजे तो जास्त पॉवरचा असतो ना?

खुडबुड_मास्तर

बाळबोध अजिबात नाही ताई, निम्मा घोळ इथेच होतो. आपला डोळा सगळ्या रंगांना सारखा भाव देत नाही. उजेडात डोळ्याची संवेदना ५५५ नॅनोमीटरला सगळ्यात जास्त असते, तिला १ धरलं तर ५३२ च्या हिरव्याला साधारण ०.८८ आणि ६५० च्या लालला ०.१ च्या आसपास. म्हणजे दोन्ही नेमके ५ मिलीवॅटचे असले तरी हिरवा आठपट उजळ दिसणार. ६३५ चा लाल घेतला तर तो ६५० च्या दुप्पट उजळ दिसतो, म्हणून प्रेझेंटेशनवाले जरा बरे पॉइंटर ६३५ चे असतात.

आणि जांभळा, ४०५ वाला, त्याला तर डोळा हजारात एकही मार्क देत नाही. त्यामुळे तो मिणमिणता दिसतो आणि लोकांना वाटतं की कमजोर आहे, बॅटरी संपली असेल. प्रत्यक्षात तो ५० मिलीवॅटचासुद्धा असू शकतो. ठिपका किती चमकतो यावरून पॉवर ठरवायची नाही, जांभळ्याच्या बाबतीत तर मुळीच नाही.

जाळूका

राव एवढं मोजत काय बसता, काडी पेटते का बघा, फुगा फुटतो का बघा. पेटली तर दमदार, नाही तर खेळणं. हाकानाका.

जाडभिंग

@जाळूका, ज्याने काडी पेटते त्याने डोळ्याचा पडदा त्याच्या कितीतरी आधी जळतो. वर्गवारी थोडक्यात अशी : दिसणाऱ्या प्रकाशात १ मिलीवॅटपर्यंत वर्ग २, ५ पर्यंत ३आर, ५ ते ५०० मध्ये ३बी, त्यावर ४. वर्ग २ मध्ये आपण डोळा मिटतो त्या पाव सेकंदावर भरवसा ठेवलेला असतो. ३बी मध्ये डोळा मिटेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, आणि थेट किरणच लागतो असंही नाही, घड्याळाच्या काचेवरून किंवा दाराच्या कडीवरून उडालेला पुरतो. जाळण्याची टेस्ट म्हणजे तुमच्या हातात ३बी किंवा ४ आहे हे कळण्याची सगळ्यात वाईट वेळ.

दिवे घ्या, पण हे गंमतीत नाही लिहिलंय.

जाळूका

घेतले दिवे. पण मग घरी बसून कळणार कसं की ५ चा आहे का १०० चा? मीटर काही स्वस्त येत नाही.

सोल्डरसम्राट

इथे मी येतो. :)

साधा सिलिकॉन फोटोडायोड (प्रकाश पडला की त्या प्रमाणात करंट देणारा छोटा भाग) घ्या, बीपीडब्ल्यू३४ सहज मिळतो, सुमारे साडेसात चौरस मिलीमीटरची चौकोनी खिडकी असते म्हणजे पॉइंटरचा ठिपका आरामात मावतो. ९ व्होल्टची बॅटरी उलट्या दिशेने जोडायची, सिरीजमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर, आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज मल्टीमीटरवर वाचायचं. १०० मिलीव्होल्ट म्हणजे १ मिलीॲम्पियर. जोडताना दिशा तपासा, सुलटा जोडला तर अंधारातसुद्धा भरपूर करंट दिसेल, ते लगेच कळतं.

आता करंटवरून पॉवर. सिलिकॉन ६५० ला साधारण ०.४ ॲम्पियर प्रति वॅट देतो, ५३२ ला ०.२५ ते ०.३, आणि ४०५ ला त्याहून बरंच कमी. म्हणजे ५ मिलीवॅटच्या लाल पॉइंटरने २ मिलीॲम्पियरच्या आसपास यायला हवं. १० आले तर समजायचं. हे काही प्रयोगशाळेचं मोजमाप नाही, वीस-तीस टक्के इकडेतिकडे धरून चाला, पण ५ आणि ५० मधला फरक कळायला एवढं पुरेसं आहे आणि आपल्याला तेवढाच कळायला हवाय.

महत्त्वाचं, डायोड एका डबीत बसवा, आतून काळा कागद लावा आणि पॉइंटर डबीच्या भोकात घालूनच बटण दाबा. उघड्यावर धरलात तर डायोडच्या चकचकीत पृष्ठभागावरून किरण परत तुमच्याकडेच येतो.

गंजका_सेल

सोलर सेलने नाही का होणार? बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरचा आहे माझ्याकडे.

सोल्डरसम्राट

कॅल्क्युलेटरचा असेल तर नका वापरू. नीट बघितलंत तर त्यावर तीन-चार उभे पट्टे दिसतील, ते एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले वेगवेगळे सेल असतात. ठिपका एका पट्ट्यावर पडला की बाकीचे अंधारात, आणि सिरीजमध्ये जो सगळ्यात अंधारात तोच करंट ठरवतो. आकडा जवळपास शून्य येतो आणि माणूस म्हणतो पॉइंटर गेला. बागेतल्या दिव्याच्या सेलचीही हीच गत, तिथेही तुकडे सिरीजमध्ये असतात. फोटोडायोडच घ्या.

खुडबुड_मास्तर

सम्राटांना अनुमोदन. माझंही असंच जुगाड आहे. आता सीडीवाला भाग लिहितो, मला स्वतःला यातच सगळ्यात मजा येते.

सीडीवरच्या ट्रॅकमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे १६०० नॅनोमीटर. हाच आपला डिफ्रॅक्शन ग्रेटिंग, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळ्या कोनात वळवणारी बारीक रेघांची पट्टी. पुठ्ठ्याला मध्ये छोटं भोक पाडा, पॉइंटर पुठ्ठ्याच्या मागून भोकातून सोडा, समोर सीडी उभी करा आणि ती अशी फिरवत जुळवा की मधला परावर्तित ठिपका परत भोकातच जाईल. मग पुठ्ठ्यावर भोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका पडतो. भोकापासून ठिपक्याचं अंतर क्ष आणि सीडीपासून पुठ्ठ्याचं अंतर ल असेल तर कोनाची टॅन म्हणजे क्ष भागिले ल, कॅल्क्युलेटरवर त्या कोनाची साइन काढून १६०० ने गुणा, झाली तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये.

सीडी २० सेंटीमीटरवर ठेवलीत तर ६५० चा लाल ठिपका साधारण ८.९ सेंटीमीटरवर येईल, ५३२ चा हिरवा ७ वर, ४०५ चा ५.२ वर. डीव्हीडी वापरू नका, तिचं अंतर ०.७४ मायक्रोमीटर असल्याने लाल ठिपका साठ अंशांच्याही पलीकडे कुठेतरी जातो, पुठ्ठाच पुरत नाही.

खोलीत मिट्ट काळोख नको, थोडा दिवा असू द्या म्हणजे डोळ्याची बाहुली लहान राहते. आणि डोळा पुठ्ठ्याच्या पातळीला नेऊन बघायचं नाही, वरून बघायचं.

जाडभिंग

छान लिहिलंय. एक भर. सीडी १.६ ची असतेच असं नाही, ८० मिनिटांच्या लिहायच्या सीडीत ट्रॅक जरा दाटीने असतात, १.५ च्या आसपास. त्यामुळे आधी सीडीच मोजून घ्यावी, आणि त्यासाठी तुमच्या हातात फुकटचा मापदंड आहे : स्वस्तातला जुन्या पद्धतीचा हिरवा पॉइंटर.

कारण त्यातला हिरवा रंग डायोडमधून येतच नाही. आत ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोड असतो, तो निओडिमियम घातलेल्या व्हॅनेडेट क्रिस्टलला उजेड पाजतो, क्रिस्टल १०६४ चं इन्फ्रारेड देतं, आणि पुढे केटीपी नावाचं दुसरं क्रिस्टल त्याची तरंगलांबी अर्धी करतं, ५३२. आता १०६४ ही रेषा निओडिमियमच्या अणूने ठरवलेली, कारखान्याने नाही. म्हणून नळी कितीही भिकार असली तरी रंग ५३२ च. याउलट लाल डायोड लेबलवर ६५० लिहून ६५७ चाही निघतो आणि तापला की अजून सरकतो.

म्हणजे आधी हिरव्याने सीडीचं अंतर काढा, मग त्या सीडीने बाकीचे मोजा.

काळोखप्रेमी

वा, हे माहीत नव्हतं. मी आकाशनिरीक्षणाला हिरवा वापरतो, नवख्या लोकांना तारा दाखवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण माझा थंडीच्या रात्री एकदम मेल्यासारखा होतो, खिशात ठेवून ऊब दिली की परत जिवंत. बॅटरी नवीन घातली तरी तेच. हे त्या क्रिस्टलमुळेच का?

जाडभिंग

हो, बरोबर पकडलंत. व्हॅनेडेट ८०८ च्या आसपासचा अगदी अरुंद पट्टा चांगला शोषतं. डायोड थंड झाला की त्याची तरंगलांबी दर अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटरने खाली सरकते, वीस अंशांनी गारठला तर सहा नॅनोमीटर गेले, आता क्रिस्टल त्याला ओळखच देत नाही. करंट तोच जातोय, डायोड तेवढाच पेटलाय, फक्त त्याचं हिरवं होत नाही. आणि मग ते न शोषलेलं ८०८ कुठे जातं? आत इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असेल तर तिथे अडतं. नसेल तर हिरव्या किरणाबरोबर बाहेर.

काळोखप्रेमी

म्हणजे मंद दिसतोय म्हणून "आज कमजोर आहे" असं समजायचं आणि प्रत्यक्षात...

जाडभिंग

अगदी तेच. एनआयएसटीच्याच लोकांनी २०१० मध्ये असा एक हिरवा पॉइंटर तपासून लिहिलं होतं, दिसायला मंद पण बाहेर जवळपास २० मिलीवॅट इन्फ्रारेड. इन्फ्रारेडला डोळा मिटतही नाही कारण काही दिसतच नाही. तपासायची पद्धतही त्यांनी घरगुतीच सुचवली होती, सीडी आणि इन्फ्रारेड दिसणारा वेबकॅम.

खुडबुड_मास्तर

मी ती पद्धत करून बघितलीये. जुन्या वेबकॅममध्ये लेन्सच्या मागे एक चिमुकली काच असते, तिरकी धरली की लालसर-निळसर झाक मारते, तो इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर. तो हलक्या हाताने काढला की कॅमेऱ्याला इन्फ्रारेड दिसायला लागतं. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून खात्री करून घ्या, रिमोटचा दिवा ९४० च्या आसपास असतो, तो कॅमेऱ्यात लख्ख दिसला पाहिजे. काही फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातही रिमोट दिसतो, मग वेबकॅम फोडायचीही गरज नाही.

मग सीडीचाच सेटअप लावून पुठ्ठ्यावरचे ठिपके डोळ्याने न बघता कॅमेऱ्यातून बघायचे. हिरव्या ठिपक्याच्या बाहेरच्या बाजूला, डोळ्याला काहीच नाही अशा जागी, कॅमेऱ्यात पांढरट-जांभळा डाग दिसला तर ते ८०८. सीडी २० सेंटीमीटरवर असेल तर तो ११.७ सेंटीमीटरच्या आसपास येतो. माझ्याकडच्या एका हिरव्यात हा डाग हिरव्या ठिपक्याइतकाच ठळक होता. तो पॉइंटर मी आता फक्त सीडी मोजायला वापरतो, तोही डबीत बसवून.

सोल्डरसम्राट

आणि १०६४? ते कुठे दिसतं? मी खूप शोधलं पण सापडलं नाही.

जाडभिंग

सापडणार नाही, कारण ते लपून बसतं. ग्रेटिंगला पहिल्या ठिपक्यानंतर दुसरा ठिपकाही असतो, आणि तो दुप्पट तरंगलांबीच्या पहिल्या ठिपक्याच्या जागीच पडतो. ५३२ ची दुप्पट किती? १०६४! म्हणजे हिरव्याचा दुसरा ठिपका आणि १०६४ चा पहिला ठिपका नेमके एकावर एक, २० सेंटीमीटरला १७.८ वर. त्यात सिलिकॉनला १०६४ दिसतं ते अगदी क्षीण, कॅमेऱ्यात हिरवाच जिंकणार. सीडीने हे वेगळं होणार नाही. काचेचा लोलक वापरलात तर होईल, त्यात दुसरा-तिसरा ठिपका नावाची भानगड नसते, फक्त कोन फारच जवळजवळ येतात.

सोल्डरसम्राट

आयला! मी सीडीला शिव्या घालत होतो.

मग माझा उपाय सांगतो, लोलकापेक्षा सोपा. तो वेबकॅममधून काढलेला फिल्टर फेकू नका. डबीत फोटोडायोडच्या पुढे ठेवा, आकडा घ्या, मग काढून परत आकडा घ्या. फिल्टर हिरवा जवळपास सगळा जाऊ देतो आणि इन्फ्रारेड अडवतो. फिल्टर लावल्यावर आकडा जरासाच घसरला तर पॉइंटर स्वच्छ आहे. बदकन पडला तर जेवढा पडला तेवढं इन्फ्रारेड होतं. पॉवर मोजतानासुद्धा फिल्टर लावूनच हिरव्याचा हिशोब करायचा, कारण सिलिकॉनला ८०८ हिरव्यापेक्षा जवळपास दुप्पट आवडतं, म्हणजे थोडं इन्फ्रारेडही आकडा चांगलाच फुगवतं.

मांजरीची_आई

आता खरंच घाबरले. माझी मनी लाल ठिपक्यामागे पळते, तिचं काय? आणि गॉगल घातला तर?

खुडबुड_मास्तर

ताई, मनीसाठी १ मिलीवॅटचा लाल बास. ठिपका जमिनीवरच फिरवा, फरशी चकचकीत असेल तर चटईवर खेळवा, आणि तोंडाच्या दिशेने कधीच नाही. हिरवा नको. जांभळा तर मुळीच नको.

गॉगलचं असं आहे की तो ठराविक तरंगलांबीसाठीच असतो. लाल काचेचा गॉगल हिरवा अडवतो पण ८०८ त्यातून आरपार जाऊ शकतं, आणि वर हिरवं दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त, म्हणजे उलटंच झालं. पॉइंटरबरोबर फुकट येणाऱ्या गॉगलवर तर काहीच भरवसा नको. घ्यायचाच तर त्यावर तरंगलांबीचा पट्टा आणि ओडी (काच प्रकाश किती अडवते त्याचा) आकडा दोन्ही छापलेले बघा, ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक भाग आत येणार. गॉगल तपासायचा असेल तर फोटोडायोडच्या पुढे धरून तपासा, डोळ्यावर चढवून नाही.

गंजका_सेल

बॅटरीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून माझे दोन पैसे. चावीवाल्या जाडजूड पॉइंटरबरोबर १८६५० सेल येतो आणि त्यावर ९९०० वगैरे मिलीॲम्पियर-तास लिहिलेलं असतं. या मापाच्या चांगल्या सेलचीसुद्धा झेप साधारण साडेतीन हजारापर्यंत. वजन करून बघा, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, फसवा बराच हलका. असले सेल चार्जिंगला लावून झोपू नका.

दुसरं, बटण सेलवाल्या छोट्या लाल पॉइंटरला बटण सेल महाग पडतात म्हणून बाहेरून ४.५ व्होल्टचा अडॅप्टर लावायचा मोह होतो. नका लावू. आत ड्रायव्हर (डायोडचा करंट आवरणारं सर्किट) म्हणून बहुतेक वेळा नुसता एक रेझिस्टर असतो आणि उरलेला आवर त्या बटण सेलच्या अंतर्गत रोधाने घातलेला असतो. अडॅप्टरला तसला रोध नसतो, डायोड भपकन उजळतो आणि मग कायमचा मंद, लेझर न राहता नुसता एलईडी होऊन बसतो.

जाळूका

बरं मानलं. माझ्या चावीवाल्या हिरव्याचे आकडे काढले. सम्राटांची डबी केली, सेल चार्ज केलेला होता. फिल्टरशिवाय रेझिस्टरवर १.४ व्होल्ट, फिल्टर लावून ०.९. लेबलवर ५ पेक्षा कमी असंच आहे. याचा अर्थ काय?

सोल्डरसम्राट

१.४ व्होल्ट म्हणजे १४ मिलीॲम्पियर, ०.९ म्हणजे ९. हिरव्याला ०.३ धरा, ९ भागिले ०.३, म्हणजे ३० मिलीवॅट हिरवा. उरलेले ५ मिलीॲम्पियर इन्फ्रारेडचे, सगळं ८०८ धरलं तर साधारण १० मिलीवॅट. त्यात १०६४ असेल तर खरं इन्फ्रारेड याहून जास्त, कारण फोटोडायोडला ते नीट दिसतच नाही. थोडक्यात तुमचं "५ पेक्षा कमी" हे ४० च्या वर आहे.

आकडा स्थिर होता का? का नाचत होता?

जाळूका

नाचत होता. बटण दाबल्यावर ०.५ वर, मग चढत ०.९, मग एकदम ०.६, परत वर. मला वाटलं माझं सोल्डरिंग कच्चं आहे. लाल लावला तर मात्र आकडा गपगुमान एका जागी.

जाडभिंग

सोल्डरिंग ठीक आहे तुमचं. नळी तापत जाते, ८०८ सरकत जातं, क्रिस्टल कधी जास्त शोषतं कधी कमी, शिवाय आत मोड (क्रिस्टलमध्ये प्रकाश घुमायच्या तऱ्हा) बदलत राहतात, म्हणून या उड्या. याच कारणाने स्वस्त हिरव्याचा एक आकडा म्हणजे काहीच नाही. मिनिटभर धरून दर पाच सेकंदांनी नोंद करा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा, कारण डोळ्याला तोच भोवतो. मिनिटापेक्षा जास्त मात्र सलग चालू ठेवू नका, त्या नळीत उष्णता काढायला धड काही नसतं.

काळोखप्रेमी

मग मी घ्यायचा तरी कुठला? तारे दाखवायला हिरवाच लागतो, लालचा किरण हवेत दिसत नाही.

खुडबुड_मास्तर

तुमच्यासाठी ५२० नॅनोमीटरचा, म्हणजे ज्यात डायोडच थेट हिरवा असतो असा, ५ मिलीवॅटच्या आतला. क्रिस्टल नाही म्हणजे ८०८ ही नाही, १०६४ ही नाही. थंडीतही बटण दाबल्याबरोबर पूर्ण तेजाने लागतो. डोळ्याला ५३२ पेक्षा किंचित कमी उजळ, संवेदना ०.७ च्या आसपास, आणि ठिपका जरा लांबट, कडेला पिसं फुटल्यासारखा. तारा दाखवायला त्याने काय फरक पडतो.

पण विकणारे सर्रास ५३२ लाच ५२० म्हणतात, तेव्हा तपासा. सीडी १ मीटरवर ठेवा, ५३२ चा ठिपका ३५.३ सेंटीमीटरवर येतो आणि ५२० चा ३४.४ वर, नऊ मिलीमीटरचा फरक मोजपट्टीवर दिसतो. त्याहून सोपं म्हणजे पॉइंटर पिशवीत घालून थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर आधी मिणमिणून मग हळूहळू उजळला तर ५३२ च.

पसरण पण बघून घ्या. जवळच्या भिंतीवर ठिपक्याचा व्यास मोजा, मग लांबच्या, फरकाला मधल्या अंतराने भागा. मीटरमागे एक मिलीमीटर वाढला तर १ मिलीरेडियन, स्वस्तात एवढं ठीक मानायचं. पण १ मिलीरेडियन म्हणजे किलोमीटरभर लांब एक मीटरचा झगझगता गोळा, म्हणून आकाशात विमानाचे दिवे दिसत असतील तर बटणाला हातच लावायचा नाही. रात्री कॉकपिटच्या काचेवर तो प्रकाश पसरतो आणि पायलटला पुढचं काही दिसत नाही. बऱ्याच देशांत हा सरळ गुन्हा आहे.

काळोखप्रेमी

विमानाचं आमच्या ग्रुपमध्ये कडक आहे, पॉइंटर एकाच्याच हातात असतो आणि दुसरा आकाशावर लक्ष ठेवतो. ५२० शोधतो.

रच्याकने, भिंतीवर ठिपक्यात जे कण वळवळताना दिसतात ते काय? पॉइंटर स्टँडला लावला तरी माझं डोकं हललं की हलतात.

जाडभिंग

त्याला स्पेकल म्हणतात. भिंत खडबडीत असते, तिच्या वेगवेगळ्या बिंदूंवरून आलेला प्रकाश तुमच्या डोळ्यातच एकमेकांत मिसळून तो नक्षा होतो, म्हणून तो डोक्याबरोबर सरकतो. गंमत करा, चष्मा काढून किंचित डोकं हलवा. कण डोक्याच्या उलट दिशेला पळाले तर तुम्हाला लांबचं कमी दिसतं, त्याच दिशेला गेले तर जवळचं. ठिपका मोठा पसरवून, १ मिलीवॅटच्या लालने, पांढऱ्या मॅट भिंतीवर.

मांजरीची_आई

उलट पळाले! मायनस दोन आहे माझा. :D

जाळूका

माझेही उलट. बरं, मास्तर, त्या ४० वाल्याचं करू काय आता? फेकवत नाही.

खुडबुड_मास्तर

सेल काढून वेगळा ठेवा, चावी भलतीकडे ठेवा, घरात लहान मुलं असतील तर लेन्सच्या तोंडावर काळी टेप दोन थर. तो वेबकॅमचा फिल्टर पुढे चिकटवून इन्फ्रारेड थांबेल पण हिरवे ३० राहतातच, म्हणजे हातात धरून मिरवायचा नाहीच. उघडायची तयारी असेल तर आतल्या ड्रायव्हरवर बहुतेक वेळा एक बारका स्क्रू-पॉट (स्क्रूसारखा फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) असतो, त्याने करंट खाली आणता येतो, पण ८०८ डायोड आणि क्रिस्टलचं गणित कमी करंटला अजून बिघडतं आणि मग हिरवं कमी नि इन्फ्रारेडचं प्रमाण जास्त असं होऊ शकतं. उघडलात तर आधीचे नि नंतरचे, फिल्टरसहित आणि फिल्टरशिवाय, चारही आकडे इथे टाका.

सोल्डरसम्राट

आणि उघडताना पुढची लेन्स फिरवून काढलीत की त्याच रिंगमध्ये छोटी निळसर काच आहे का ते आधी बघा. ती असली तर तोच कारखान्याने घातलेला फिल्टर. तुमच्या आकड्यांवरून मला वाटतं ती जागा रिकामीच असणार.